डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा दिवसभर तेच विचारतो, तेच करतो – ओसीडी समजायचा का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा २४ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम आहे, पाच-सहा महिन्यांपूर्वीपर्यंत स्वतःचं स्वतः आवरून वर्कशॉपला जायचा, आणि आता दिवसभर "दादा कधी येणार" एवढं एकच चालू असतं, आंघोळीला तास-दीड तास लागतो, बाहेर पडताना कपाट बंद आहे का ते परत परत जाऊन बघतो, दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये कुणीतरी त्याच्यावर ओरडलं होतं ते काल झाल्यासारखं सांगून रडतो आणि खोलीत एकटाच बोलत बसतो. तुम्ही विचारलंय की हे ओसीडी (नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी तीच कृती परत परत करावी लागणं, असा मनाचा आजार) आहे का, गोळ्या सुरू कराव्या का आणि रागावून बंद करता येईल का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. रागावून हे बंद होत नाही, वाढतं, का वाढतं ते पुढे येईलच. बाकी दोन प्रश्नांचं एका ओळीत उत्तर दिलं तर तुमची फसवणूक होईल म्हणून सविस्तर लिहितोय. मी सायकॉलॉजिस्ट आहे, गोळ्या मी लिहून देत नाही, पण डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या मुलामुलींसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत बरीच वर्षं काम करतोय आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने सतत समोर येतो.

पहिली गोष्ट म्हणजे तेच तेच करणं हा मुळात आजार नाही. डाऊन सिंड्रोममध्ये २१ नंबरच्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते (हे १९५९ मध्येच कळलं) आणि तिचा मेंदूवर जो परिणाम होतो त्यात दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. एक, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं अवघड जातं पण बघितलेलं पक्कं राहतं. दोन, एका कामावरून दुसऱ्या कामावर, एका विचारावरून दुसऱ्या विचारावर जाणं जड जातं. मग ही माणसं काय करतात, तर दिवसाचा क्रम बांधून घेतात, आधी हे, मग ते, मग ते, आणि त्या क्रमाच्या जोरावर खूप काही स्वतःचं स्वतः करतात. तुमचा मुलगा एकटा आवरून वेळेवर वर्कशॉपला जायचा ना, ते याच गुणामुळे. बैलगाडीच्या चाकोरीसारखं आहे हे, चाक चाकोरीत असेल तर गाडी आपोआप नीट जाते, पण वळायची वेळ आली की तीच चाकोरी सोडत नाही. त्यामुळे "ही सवयच मोडून काढू" या विचाराने सुरुवात करू नका. सगळंच मोडलं तर त्याचं स्वावलंबनही त्याच्याबरोबर जाईल.

आता ओसीडी कधी म्हणायचं. आपल्यासारख्या माणसाला ओसीडी होतो तेव्हा तो बहुतेक वेळा सांगू शकतो की मला कळतंय हे निरर्थक आहे पण विचार जात नाही. बौद्धिक अडचण असलेल्या माणसाला हे शब्दात मांडता येईलच असं नाही, आणि बऱ्याच जणांना ते निरर्थक वाटतही नाही. म्हणून आम्ही वागण्यावरून अंदाज घेतो. दिवसातून किती वेळा करतो हे सगळे आईवडील मोजून आणतात, पण मला तीन वेगळ्याच गोष्टी हव्या असतात: करताना आणि करून झाल्यावर त्याचा चेहरा कसा असतो, मध्ये अडवलं तर काय होतं, आणि या सगळ्यापायी त्याच्या आयुष्यातलं काय राहून जातंय. एखादा मुलगा रोज रात्री अर्धा तास चपला ओळीत लावतो, लावून झाल्यावर खूश होऊन झोपायला जातो, पाहुणे आले आणि एखाद दिवशी नाही लावता आल्या तर कुरकुर करून सोडून देतो, तर त्याला काहीही करायची गरज नाही, लावू दे. पण तुमचा मुलगा कपाट बघून आल्यावरही घाबराघुबराच असेल, परत जाताना रडवेला होत असेल आणि त्यापायी बस चुकून वर्कशॉप बुडत असेल, तर ते वेगळं. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला ते दुसऱ्या बाजूला झुकलेलं वाटतंय. मात्र ओसीडीचा शिक्का मारायच्या आधी दुसरं बरंच बघायला हवं.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द "पाच-सहा महिन्यांपासून" हा आहे. लहानपणापासून असलेली सवय वेगळी आणि चांगला चाललेला मुलगा अचानक अडकायला लागणं वेगळं. अचानक बदल झाला की आधी शरीर बघायचं, मग आजूबाजूला काय बदललं ते बघायचं, आणि मग मनाच्या आजाराकडे यायचं. दुर्दैवाने बऱ्याचदा उलटं होतं, दवाखान्यात "डाऊन सिंड्रोम आहे ना, मग असंच असतं" म्हणून विषय संपवतात नाहीतर पहिल्याच भेटीत झोपेची गोळी लिहून देतात. दोन्ही मान्य करू नका.

शरीराचं म्हणाल तर थायरॉईड पहिलं. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईड कमी होणं खूप कॉमन आहे, दरवर्षी टेस्ट करायचीच असते, आणि ते कमी झालं की माणूस मंद होतो, आवरायला वेळ लागतो, चिडचिड वाढते. मग झोप. घोरतो का, झोपेत श्वास थांबल्यासारखा होतो का, विचित्र पोझिशनमध्ये, बसून किंवा मान मागे टाकून झोपतो का? स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांत निम्म्याहून जास्त जणांना असतो आणि झोप न झालेला मेंदू आधीच जड जाणारं ते "वळणं" अजिबात करू शकत नाही, त्यामुळे स्लीप स्टडी करून घ्या, घोरत नसला तरी करून घ्या. कान तपासा, यांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ साचून घट्ट बसतो आणि ऐकू कमी येतं, मग तुम्ही दिलेलं उत्तर ऐकूच न आल्यामुळे तोच प्रश्न परत येऊ शकतो. दात, बद्धकोष्ठता, बी १२, सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा त्रास), मानेच्या मणक्याचा त्रास (चाल बदलली असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल तर हे तातडीने), हे सगळं यादीत ठेवा. दुखणं शब्दात सांगता येत नाही तेव्हा ते वागण्यातून येतं.

आणि डोळे. एक किस्सा सांगतो म्हणजे मी एवढा का मागे लागतोय ते कळेल. तिशीतला एक मुलगा माझ्याकडे ओसीडी म्हणून पाठवला होता. बाथरूमच्या उंबऱ्यावर उभा राहायचा, एक पाय आत टाकायचा, बाहेर घ्यायचा, परत आत, परत बाहेर, असं बराच वेळ. घरच्यांनी व्हिडिओ आणला होता. मी तो आवाज बंद करून बघितला तेव्हा लक्षात आलं की पाय आत टाकताना तो अंगठ्याने फरशी चाचपतोय, आणि दरवेळी हात चौकटीला घट्ट धरलेला आहे. घरात नुकतीच नवीन चकचकीत फरशी घातली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, जो यांना तरुण वयातच होऊ शकतो. त्याला ती फरशी खोल दिसत होती की ओली दिसत होती कुणास ठाऊक, पण त्याला पडायची भीती वाटत होती. ऑपरेशन झालं, रबरी मॅट टाकली, आणि निम्मं वागणं गेलं. निम्मं म्हणतोय कारण उरलेलं निम्मं तोपर्यंत सवय होऊन बसलं होतं, ते काढायला पुढे बरेच महिने लागले. कारण गेलं तरी चाकोरी राहते, म्हणून लवकर बघितलेलं बरं.

आता आजूबाजूचे बदल. तुम्ही ओघात लिहिलंय की मोठा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, आणि ते नेमकं कधी ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की तेव्हापासूनच हे सुरू झालंय. "दादा कधी येणार" हा प्रश्न माहिती मिळवण्यासाठी नाहीये. त्याला तारीख नकोय, तारीख तुम्ही हजारदा सांगितलीय. त्याला दादाची आठवण येतेय, तो येणार ना याची खात्री हवीय, आणि दादाबद्दल बोलायचं आहे पण बोलायची सुरुवात करायला त्याच्याकडे हे एकच वाक्य आहे. म्हणून पहिल्यांदा भावना बोलून दाखवा, "दादाची आठवण येतेय ना, मला पण येते." एवढ्याने सुद्धा काही मुलं शांत होतात.

मग उत्तर तोंडातून काढून भिंतीवर लावा. मोठं कॅलेंडर घ्या, दादा ज्या दिवशी येणार त्यावर दादाचा फोटो चिकटवा, रोज रात्री त्यालाच दिवसावर फुली मारू द्या. प्रश्न आला की लांबलचक समजावू नका, "तू सांग, कधी येणार?" असं म्हणून कॅलेंडरकडे बघा, तो जाऊन दाखवेल, "बरोबर" म्हणा आणि लगेच पुढचं काहीतरी हातात द्या. येण्याची तारीख पक्की नसेल तर तारीख लावूच नका, त्याऐवजी व्हिडिओ कॉलची वेळ लावा, रोज किंवा एक दिवसाआड, आणि दादाला सांगा की ती वेळ पाळायचीच. घरातल्या प्रत्येकाने हेच उत्तर द्यायचं, अगदी शब्दसुद्धा तेच. एक फार कॉमन गोष्ट होते, दहा वेळा आपण दुर्लक्ष करतो आणि अकराव्या वेळी वैतागून उत्तर देतो, त्यातून तो एवढंच शिकतो की अकरा वेळा विचारलं की उत्तर मिळतं. पहिले काही दिवस प्रश्न वाढतील, ते अपेक्षित आहे, तेव्हा सोडून देऊ नका.

(इथे एक सांगतो, कारण पालकांच्या ग्रुपवर सल्ले सरमिसळ होतात. तेच तेच विचारणं प्रेडर-विली आणि फ्रॅजाइल एक्स या दुसऱ्या जनुकीय आजारांमध्येही असतं पण तिथलं गणित वेगळं आहे. प्रेडर-विली म्हणजे १५ नंबरच्या गुणसूत्राचा प्रश्न, तिथे ठरलेलं बदललं की प्रश्नांचा भडिमार आणि मागोमाग रागाचा झटका असं येतं, आणि खाण्याबद्दलचे प्रश्न तर भूक शमतच नसल्यामुळे येतात. फ्रॅजाइल एक्समध्ये मुळाशी बहुतेक घबराट असते, डोळ्यात डोळे घालून बोललात की बोलणं अजूनच वेगाने आणि परत परत होतं. त्यामुळे कुणी म्हणालं "आमच्या मुलाला हे लागू पडलं" तर आधी निदान काय ते विचारा.)

आंघोळीचं. एक-दोन दिवस काही न बोलता फक्त लक्ष ठेवा की तो नक्की कुठे अडकतो, कपडे काढताना, पाणी घेताना, साबण लावताना की बाहेर येताना. तास-दीड तास म्हणजे सगळंच हळू असं क्वचित असतं, बहुतेक वेळा एक-दोन जागी गाडी थांबलेली असते. आता रागावण्याचं सांगतो. आपण बाहेरून "झालं का, आवर, लवकर कर" म्हणतो तेव्हा दोन गोष्टी होतात. आपली सूचना डोक्यात पोचून त्यावर कृती व्हायला यांना वेळ लागतो, आणि तो वेळ संपायच्या आत आपण दुसरी सूचना दिली की पहिली पुसली जाते आणि परत पहिल्यापासून. आणि दुसरं म्हणजे मध्ये तोडलं की त्याच्या मनातला क्रम तुटतो, मग तो साबण परत सुरुवातीपासून लावतो. आवाज चढला की घबराट वाढते, आणि घाबरलेला माणूस ओळखीच्या क्रमाला आणखी घट्ट धरतो. म्हणून एक सूचना द्या, दोन-तीन शब्दांची, आणि मग मनात दहापर्यंत मोजा, गप्प राहून. मला माहितीय सकाळच्या घाईत ते दहा किती लांब वाटतात. बाथरूममध्ये पायऱ्यांची चित्रं लावा, पाणी लागणार नाही अशी, आणि शेवटचं चित्र त्याला मनापासून आवडणाऱ्या गोष्टीचं ठेवा. एखादं आवडतं गाणं संपलं की पाणी बंद, असं सुद्धा चालतं, टायमरपेक्षा गाणं बरं, कारण काही मुलं टायमरमध्येच अडकतात.

कपाटासाठी शेवट नसलेल्या गोष्टीला शेवट द्यायचा. दाराजवळ एक कार्ड, कपाट बंद, दिवा बंद, बॅग घेतली, प्रत्येकापुढे तो स्वतः टिक करेल, टिक झाली की संपलं. आत्ता पाच वेळा जात असेल तर एकदम शून्यावर आणू नका, चार टिक, काही दिवसांनी तीन. आणि "थांब मी बघून येते" असं म्हणून तुम्ही त्याच्या वतीने बघायला जाऊ नका, प्रेमापोटी सगळे करतात पण त्याने मनातली शंका खरी असल्यासारखी होते. कार्डच परत परत तपासायला लागला तर कार्ड काढून टाका आणि थेरपिस्टच्या मदतीने करा, भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि तपासणं थोडं थोडं लांबवायचं अशी पद्धत असते, ती यांच्यासाठी सोपी करून, चित्रं वापरून, घरच्यांना सोबत घेऊन नक्की करता येते. बौद्धिक अडचण आहे म्हणून थेरपीचा उपयोग नाही हे खरं नाही.

ओरडल्याच्या प्रसंगाकडे मात्र मी जास्त गंभीरपणे बघतो. यांची बघितलेल्या गोष्टींची आठवण जबरदस्त असते आणि काळाचं भान कच्चं असतं, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं खरोखरच काल झाल्यासारखं वाटू शकतं. पण दोन वर्षं शांत असलेली आठवण आत्ता का वर आली? तसाच दिसणारा, तसाच आवाज असलेला कुणी नवीन आलाय का? तिथे आत्ता काही चाललंय का, कुणी चिडवतंय, मारतंय, हात लावतंय का? या माणसांवर अत्याचार होण्याचं प्रमाण जास्त असतं आणि सांगण्याचा मार्ग बऱ्याचदा असाच आडवळणाचा असतो, जुनी गोष्ट सांगून नवीन दुखणं कळवायचं. वर्कशॉपला जाऊन शांतपणे बघून या, न सांगता जा. सगळं ठीक असल्याची खात्री झाली की मग त्या प्रसंगाची चित्रकथा त्याच्यासोबत बसून बनवा, काय झालं, कोण ओरडलं, मग काय झालं, आता ती व्यक्ती कुठे आहे, आता तो कुणासोबत काम करतो. शेवटचं पान आजचं असलं पाहिजे. सांगायला लागला की ते पुस्तक काढा, एकदा पूर्ण ऐका, शेवटच्या पानापर्यंत जा आणि मिटा.

एकटं बोलण्याची चिंता सगळ्यात कमी करा. डाऊन सिंड्रोम असलेले बहुतेक मोठे लोक स्वतःशी बोलतात, दिवसभरात काय झालं ते घोळवतात, उद्याची तयारी करतात, मनातलं ओझं उतरवतात. यालाच भास समजून मनोविकाराच्या जड गोळ्या सुरू केलेल्या केसेस मी बघितल्यात आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. खोलीत बोलू दे, बाहेर बोलला तर "हे खोलीत" एवढंच सांगा. उलट दाराबाहेरून कानावर पडलं तर त्याला काय सलतंय ते कळतं. मात्र सूर बदलला, स्वतःला शिव्या देतोय, स्वतःलाच दोष देतोय, झोप उडालीय, असं असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, कारण डिप्रेशन यांच्यात असंच दिसतं, "मला उदास वाटतंय" असं ते सांगणार नाहीत, आवडत्या गोष्टी सोडतील आणि हळू होत जातील.

गोळ्यांबद्दल. वरचं सगळं बघून झाल्यावरही तो घाबराच असेल आणि दिवस वाया जात असेल तर गोळ्यांना घाबरू नका, त्यांचा खरा उपयोग होतो. अशा वेळी साधारण सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गटातलं, ओसीडी आणि डिप्रेशन दोन्हीवर चालणारं औषध निवडतात. यांच्यात सुरुवात नेहमीपेक्षा कमी डोसने आणि वाढ सावकाश करायची असते. तपासणं, अडकणं यावर परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात, त्यामुळे पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. पण पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी, झोप उडणं, अति उत्साह किंवा चिडचिड दिसली तर लगेच कळवा. रिस्पेरिडोनसारखं मनोविकाराचं जड औषध पहिल्याच पायरीला दिलं तर का, हे विचारा, त्याने वजन वाढतं, वजनाने स्लीप ॲप्निया वाढतो आणि आपण परत तिथेच येतो. झोपेच्या गोळ्यांनी सुद्धा ॲप्निया बिघडू शकतो. आणि चालू केलेली कुठलीच गोळी मनाने एकदम थांबवायची नाही.

एका गोष्टीसाठी मात्र वाट बघू नका. बोलणं कमी होत चाललं, शिकलेली कामं विसरायला लागला, मधेच पुतळ्यासारखा थांबून राहतो, हात वर तर वरच, जेवण-पाणी कमी केलं, असं काही दिसलं तर त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्ट आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, पाणीच पीत नसेल तर त्याच दिवशी. किशोरवयात आणि तरुणपणी काही जणांमध्ये अशी वेगाने घसरण होते, तिला रिग्रेशन म्हणतात, त्यात कॅटॅटोनिया (हालचाल, बोलणं गोठून जाणं) असू शकतो आणि त्याला लोराझेपामसारखे वेगळे उपचार लागतात. स्मृतिभ्रंशाची भीती काही पालक बोलून दाखवतात, अल्झायमरशी संबंधित एक जनुक २१ व्याच गुणसूत्रावर असल्यामुळे धोका जास्त असतो हे खरं, पण ते साधारण चाळिशी-पन्नाशीनंतरचं, २४ व्या वर्षी तो विचार डोक्यातून काढून टाका.

आत्ता पंधरा दिवस एवढं करा. एक वही करा, रोज चार ओळी, कुठे अडकला, त्याच्या आधी काय झालं होतं, कशाने सुटला, रात्री किती झोपला. कपाट तपासताना आणि झोपेत घोरतानाचे छोटे व्हिडिओ काढा, डॉक्टरांना ते तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त कामाचे असतात, पण बाथरूममधले काढू नका, तो २४ वर्षांचा माणूस आहे. दादा नक्की कुठल्या महिन्यात गेला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. थायरॉईड, बी १२, साखर यांच्या टेस्ट, कान आणि डोळ्यांची तपासणी या दोन आठवड्यांत उरकून घ्या आणि स्लीप स्टडीची तारीख घेऊन ठेवा. रिपोर्ट आले की इथेच लिहा, आणि कॅलेंडर लावल्यावर प्रश्नांचं काय झालं ते पण सांगा, म्हणजे सायकियाट्रिस्टकडे जाताना नेमकं काय विचारायचं ते आपण बसून काढू.